कापणीनंतरचं पाणी

तोंडी परीक्षा संपवून मी बाहेर आले आणि घरी फोन लावला. तो मोठ्या आईनं उचलला. मोठे बाबांच्या फोनला ती कधी हात लावत नसे, तिथंच मला कळायला हवं होतं. "झाले का पेपर? सगळेच झाले?" तिनं दोनदा विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाली, "तुहे मोठे बाबा गेले, माय. आज नऊ दिवस झाले." स्पेनमधल्या त्या गावात तेव्हा लख्ख ऊन होतं, वर्गातली मुलं पायऱ्यांवर बसून संत्री सोलत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आपल्या भाषेत रडावं, तर ऐकणारं कोणी नव्हतं.

आईवडील मी चार वर्षांची असताना अपघातात गेले. मला वाढवलं ते आसगावच्या मोठे बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, आणि मोठ्या आईनं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुण्याला कॉलेजात मी स्पॅनिश घेतलं तेव्हा अख्ख्या गावानं मला वेड्यात काढलं. पुढे एका सत्रासाठी थेट स्पेनला जाण्यासाठी निवड झाली. तिथं राहून भाषा आणि संस्कृती शिकायची, तिथले क्रेडिट इथल्या डिग्रीत धरणार. मोठे बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "ते लोक खातेत काय?" मी म्हटलं, "भात बी खातात जी." "मंग जा," म्हणाले. झाली परवानगी!

आणि खरंच, मी गेले ते भाताचंच गाव निघालं. शेजारी मोठं तळं, तळ्यात मासेमारी, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पण माणसं? आम्पारो नावाच्या एकट्या म्हाताऱ्या बाईकडे माझी खोली होती. ती चांगली होती, पण फार भरभर बोलायची, आणि सुरुवातीला मला तिचं निम्मं कळायचं नाही. दिवस वर्गात जायचा, संध्याकाळ खिडकीत. दिवसभरात मराठीत एक शब्द तोंडातून निघायचा नाही, म्हणून मी रोज मोठे बाबांना आवाजी निरोप पाठवायची. ते चार वाजता शेतातून यायचे, छपरीत बसून ऐकायचे आणि लगेच उत्तर द्यायचे. "तिथं रोवणा कोन करते?" मी सांगितलं, कोणीच नाही, रोपं लावतच नाहीत, मशीननं बी फेकतात. "म्हंजे आपल्याकडं बी फेकतेत तो आवत्याच की वो! एवढ्या दूर गेली अन् आवत्याच पाहाले?" प्रत्येक निरोपाचा शेवट ठरलेला असायचा: "आयकलं. आता जेव." तिथं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असायचे, जेवणाला अडीच तास अवकाश. पण त्यांना काय त्याचं!

हिवाळा आला आणि कापलेल्या बांध्यांमध्ये पाणी सोडलेलं दिसलं. मी फोटो पाठवला. मोठे बाबा चक्रावलेच. "धान कापल्यावर पानी कायले? त्या बाईले इचार." परीक्षा तोंडावर होती. विचारते, विचारते म्हणत मी आठवडा घालवला. शेवटी विचारलं, तेव्हा आम्पारो म्हणाली, "ही जमीन मुळात तळ्याचीच. उन्हाळ्यात आम्ही मागून घेतो, हिवाळ्यात परत देतो." मी धावत खोलीत गेले आणि ते जसंच्या तसं मोठे बाबांना सांगितलं. निरोप ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग "पेपर झाल्यावर बोलू" असा लिहिलेला एक निरोप आला. मोठे बाबा कधी लिहीत नसत. मला वाटलं, कोणाकडून तरी लिहवून घेतला आणि मला टाळलं. माझं डोकंच फिरलं. "काहून जी, बोलून नाही राहिले? मी इथं एकटी मरून राहिली, अन् तुमाले एक शब्द जड झाला?" असं मी बोलले. त्यांना जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

तोंडी परीक्षेत घरातल्या एका माणसाविषयी बोलायचं होतं. रुसवा बाजूला ठेवून मी मोठे बाबांविषयीच बोलले. ते पहाटे उठतात, चहात गूळ घालतात, मला रोज प्रश्न विचारतात... परीक्षक बाई खूश झाल्या.

घरी पोचले तोवर तेरवीही उरकली होती. मी मोठ्या आईवर तुटून पडले. "मले काहून नाही सांगितलं? कोन अधिकार देला तुमाले?" ती जात्याशेजारी बसून राहिली. म्हणाली, "त्यायनंच देला. दवाखान्यात माहा हात धरून म्हनले, पेपर झाल्याबिगर पोरीले सांगू नोको. मंग शेजारच्या सुनेकडून तो निरोप लिहवून घेतला." मोठे बाबांना दहावीच्या गणिताच्या पेपरातून उठवून आणलं होतं, त्यांचे वडील गेले म्हणून. तो पेपर त्यांनी पुन्हा कधी दिला नाही. हे ते हसत सांगायचे आणि मीही हसायची. मोठी आई पुढे म्हणाली, "तुहं सगळं मी त्यायच्या फोटोसमोर लावलं. पान्याचं बी आयकवलं. रोज चार वाजता." मी विचारलं, "अन् मी रागावली होती ते?" "ते बी. ते कसं ठेवू माह्याजवळ?" मग आम्ही दोघी रडलो.

आता मी पुण्यात आहे. परवा निकाल आला, सगळे क्रेडिट मिळाले. आसगावला छपरीतल्या खुंटीवर मोठे बाबांचा दुपट्टा आहे आणि त्याच्या पदरात गुंडाळलेला तो फोन. मी अजून रोज निरोप पाठवते. चारला निळ्या खुणा येतात, बस्स. मोठ्या आईला ऐकता येतं, बोलून पाठवता येत नाही. शिकवू का विचारलं, तर नको म्हणाली.

परवा मी निकालाचं सांगितलं. खुणा आल्या आणि थोड्या वेळानं, पहिल्यांदाच, उत्तर आलं. आधी नुसती खुडबूड. मग मोठी आई शेजारच्या सुनेला विचारताना, "इथंच दाबून ठेवू का वो?" आणि मग हळूच, "आयकलं. आता जेव."

दुपारी जेवण झालेलं होतं माझं. तरी उठले, आणि पुन्हा ताट वाढून घेतलं.