शेवटची काकडी

बुढापारा वस्तीत तलावाच्या बाजूला रोज संध्याकाळी एक बाई भाजी घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. फोन वाजला की ती ढिगातली एक काकडी उचलते आणि तिचं कापलेलं टोक काचेवर सरकवून फोन घेते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राहवलं नाही. "मावशी, बोटानं काहून नाही घेत?"

"माह्या बोटाले हा ओळखतच नाही, भैया. घासता घासता कटून जाते." तिनं अंगठा दाखवला. कातडी टाचेसारखी जाड झालेली.

घरी जाऊन मीही करून पाहिलं. गाजर चाललं, भेंडीचं हिरवं देठ चाललं, पेन मात्र कितीही दाबलं तरी नाही. मग वाचल्यावर कळलं, काच दाब मोजतच नाही. अंग जवळ आलं की तिच्यावरच्या विजेत बारीकसा फरक पडतो, तेवढाच ती ओळखते. जाड, कोरडी कातडी तो फरक पडू देत नाही. काकडीतलं पाणी पडू देतं.

दुसऱ्या दिवशी तिला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे समोर जीव आहे का, ते पाहते," ती म्हणाली. "अन् माह्या बोटात त्याले दिसत नाही."

मी उगाच म्हणालो, "ती काकडी द्या."

पाटीत तेवढी एकच उरली होती. तिनं ती उचलून मांडीशी ठेवली.

"हे नाही, भैया. अभनपूरहून माह्या पोट्टीचा फोन यायचा आहे."