साहेबाच्या दाढा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला आमच्या स्वयंपाकघरात तिच्यावरच धुसफुसत होते. आदल्या दिवशी तिनं मला वीस मिनिटं फोनवर धरून ठेवलं होतं, आणि त्यात स्वतःबद्दल एक अक्षर नाही, सगळं पुराण सशाला कोणतं गवत आवडतं याचं. सकाळी कारंज्याहून तिची शेजारीण सांगते, ताई झोपेतच गेल्या, हार्ट... खोटं कशाला लिहू, मी आधी रडले नाही. आधी मनात आलं, आता या सशाचं मी काय करू?

माझी मोठी बहीण तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होती. लग्न केलं नाही, कोणापुढे आवाज चढवला नाही. निवृत्तीनंतर शेजारचं बिऱ्हाड बदली होऊन गेलं आणि जाताना त्यांचा पांढरा ससा हिच्या गळ्यात बांधून गेलं. हिनं त्याचं नाव ठेवलं साहेब. म्हणायची, एक तरी साहेब माझ्या हातानं गवत खातो. वर्षभरात त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. आमच्याकडे आजारी माणसाला काय देतात, तर मऊ भात. हिनं त्यालाही तूप घालून वरण-भात कालवून दिला, वर दुधात भिजवलेलं बिस्किट. मीही म्हटलं, दे, अंगाला लागेल. जितकं मऊ घातलं तितका तो बिघडला. शेवटी नागपूरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी हिला चांगलं सुनावलं, की सशाचे दात मरेपर्यंत वाढतात, गवत चावलं तरच झिजतात. याच्या मागच्या दाढा आता वाकड्या वाढताहेत, टोकं जिभेला टोचतात, त्या दर पाच आठवड्यांनी भूल देऊन घासाव्या लागतील.

झालं! दर पाच आठवड्यांनी ही बाई साहेबाला टोपलीत घालून एसटीनं नागपूरला. गुडघे दुखतात, बीपीची गोळी विसरते, आमच्या मुलीच्या डोहाळजेवणाला यायला हिला जमलं नाही, का तर त्या दिवशी साहेबाची तारीख. मी फोनवर काय कमी बोलले असेन? तोंड दुखेस्तोवर बोलले. ती ऐकून घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "त्याले सांगता येत नाई न सुमे, मंग मलेच पाहा लागते." यावर आणखी भडकायचे मी.

ती गेल्यावर आम्ही सगळे कारंज्याला तिच्या घरी जमलो. आठव्या दिवसापासून सशाचं खाणं कमी झालं, अकराव्या दिवशी त्यानं तोंड लावणंच सोडलं. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. झालं, बसायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायला सुरुवात. मुकं जनावर, पण कळतं हो त्याला, असं म्हणत बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मावशीनं त्याच्यासमोर ताईचा फोटो आणून ठेवला. वहिनीनं त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर हात जोडलेल्यांची रांग लागली. आणि मी? मी त्याच्याजवळ बसून रडले. आपल्यापेक्षा याचंच प्रेम खरं, असं वाटून मला त्याचा हेवासुद्धा वाटला. इतकी वर्षं दाढांचं पुराण ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

तेरवीच्या सकाळी कांताबाई आली. ती शेतातली भाजी बाजारात आणते आणि येता येता ताईकडे हिरवं गवत टाकून जायची. सुतकाच्या घरी कशाला जायचं म्हणून इतके दिवस आली नव्हती. तिनं ताईच्या फोटोला नमस्कार केला, मग सशाला उचलून त्याच्या हनुवटीखाली बोट फिरवलं. बोट ओलं झालं. "हे दुःख नोहे बाई," ती म्हणाली, "दाढा हायेत. उपाशी मरते हा."

अंगणात आचारी भाजी चिरत होते, पाहुणे उतरत होते. मी टोपली शोधली. दादा, आमचा मोठा भाऊ, दारात आडवा. "सशापायी तेरवी सोडून चालली? लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, म्हणू दे, आणि हायवेवर येऊन नागपूरची बस धरली. दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

डॉक्टरांनी तोंड तपासलं, जिभेला जखम झाली होती. आज आणलंत म्हणून वाचेल, म्हणाले. मग कागद पाहून त्यांनी विचारलं, ताईंची तब्येत कशी आहे? मी सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडून कळलं, ताईनं त्यांना महिनाभरापूर्वी फोन केला होता, की दम लागतो, जिना चढवत नाही, साहेबाची तारीख पुढे ढकला. ते म्हणाले, आधी स्वतःला दाखवा, घरच्या कोणाला सोबत घ्या, बहीण आहे ना वर्ध्याला? त्यावर ती हसली होती म्हणे. "सुमीले नका सांगू. ते आधी बोंबलन, मंग ऐकन."

साहेब आता वर्ध्याला माझ्याकडे आहे. गवत खातो, चपला कुरतडतो, सोफ्याखाली घाण करतो. पाचव्या आठवड्याला मीच त्याला घेऊन गेले, कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. सकाळी त्याचं खाऊन होईपर्यंत मी फरशीवर त्याच्याजवळ बसते आणि रोज ताईशी तेच भांडण काढते. बोंबलले असते गं, ताई, घर डोक्यावर घेतलं असतं. पण तुला घेऊन गेले असते.