कौतिका आणि मेश्राम बाई

मे महिन्यात मेश्राम बाईंकडे गेलं की पहिला अपमान त्यांचा कूलर करायचा. बाहेर पंचेचाळीस अंश, आपण घामाने निथळतोय, आणि कूलरचं तोंड कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे. टाकीत दोन पांढऱ्या, गुबगुबीत बेडक्या. पहिल्याच भेटीत मी तो कूलर जरासा माझ्याकडे वळवला. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला, कूलर होता तसा केला आणि माझ्या हातात वर्तमानपत्राची घडी दिली.

"तुमी घरी जाऊ शकता भाऊ. त्या कुठं जातीन?"

बाई धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजीत तीस वर्षं रक्त-लघवी तपासत होत्या. निवृत्त झाल्यावर शहराच्या टोकाला, बेस्यात आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. यजमान गेलेले, मुलगी पुण्याला. या आफ्रिकन बेडक्या त्यांनी हौसेने आणल्याच नव्हत्या. एका मासेवाल्या दुकानदाराने त्या शोभेच्या माशांत सोडल्या, त्यांनी मासे खाल्ले, तर तो त्यांना नालीत फेकायला निघाला. बाई त्याच्याशी भर दुकानात भांडल्या आणि दोघींना घरी घेऊन आल्या. आपल्या दोन आत्यांची नावं ठेवली, भागा आणि कौतिका.

या बेडक्यांना जीभ नसते, घास पुढच्या पायांनी तोंडात ढकलतात. त्या जन्मभर पाण्यातच राहतात, आणि संधी मिळाली की उडी मारून बाहेर पडतात, म्हणून झाकणावर वरवंटा ठेवलेला. उकाडा त्यांना सोसत नाही. नळाच्या पाण्यातलं औषधही सोसत नाही, म्हणून बाई पाणी दोन दिवस ड्रममध्ये ठेवून मग टाकीत घालत. कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "त्यायनं म्हटलं होतं काय, मले घरी ने म्हणून? आनलं न आपन, मंग आपनच जपाचं."

गेल्या जूनमध्ये पाऊस लांबला आणि आमच्या सोसायटीला धोंडीची आठवण झाली. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुलिंबाचा पाला लावायचा, दारोदार फिरवायचा, प्रत्येक घरून त्याच्यावर पाणी ओतायचं. पण बेडूक आणायचा कुठून? इथली डबकी, बोड्या म्हणजे लहान तळी, सगळं बुजवून आम्हीच प्लॉट पाडलेले. अख्ख्या बेस्यात एक बेडूक सापडेना. बाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या आणि किल्ली माझ्याकडे होती.

सोसायटीचे सचिव, शिकलेसवरलेले इंजिनिअर, चारचौघांना घेऊन आले. अर्धाच तास, म्हणाले. मला सगळं ठाऊक होतं. उन्हाचं, पाण्याचं, सगळं. तरी रोज तोंड पाहायच्या लोकांना नाही कसं म्हणायचं, म्हणून मी वरवंटा उचलला.

दीड तास फिरवली कौतिकाला. चार वाजता परत आणून पाण्यात सोडली, तर ती तळाशी गेलीच नाही. उताणी तरंगत राहिली. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून प्रसादाचा शिरा आला. तो मी घेतलाही. अजून त्या शिऱ्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आल्या. टाकी पाहिली, माझ्याकडून सगळं ऐकलं आणि तशाच सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "साऱ्या बेडकायच्या जागेवर घरं बांधले तुमी," त्या म्हणाल्या, "अन् आता पान्यासाठी माह्या घरची बेडकी पाह्यजे?" कुणीतरी बेडकीच तर होती असं पुटपुटलं. सचिवांनी श्रद्धेचा विषय असल्याचं सांगितलं. एकालाही माफी मागावीशी वाटली नाही.

मी मागितली, बाहेर, गेटपाशी. म्हटलं, सगळे शेजारी होते बाई, नाही म्हणता आलं नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एका डोळ्याने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कौतिका बी शेजारीनच होती न भाऊ," म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी किल्ली त्या हातावर ठेवली. ती पुन्हा माझ्याकडे कधी आली नाही.

हिवाळ्यात बाई गेल्या, झोपेतच. मुलीने घर आवरलं आणि भागाला माझ्याकडे आणलं. आईनेच सांगून ठेवलं होतं म्हणे. का, ते तिला माहीत नव्हतं. टाकीबरोबर ड्रम, वरवंटा आणि बाईंच्या अक्षरातला एक कागद होता. पाणी कधी बदलायचं, खायला काय, कूलर कुठल्या बाजूला. शेवटी लिहिलेलं, "कोणी मागितली तर द्यायची नाही."

यंदा जूनमध्ये सचिव पुन्हा दारात आले. मी घामाने भिजलो होतो, कूलर भागाकडे होता. अर्धाच तास, ते म्हणाले. मी नाही म्हणालो. ते शेजारधर्माबद्दल बोलत निघून गेले. आता रस्त्यात दिसले तरी बोलत नाहीत. नाही म्हणायची किंमत इतकीच असते, हे मला कौतिका गेल्यावर वर्षभराने कळलं.