फेटा आधी, नाव नंतर

कपातला चहा आधी संपवा. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, तुम्हाला ठसका लागणार आणि आमची ही मलाच बोलणार. काय सांगू, असा गाढवपणा मी जन्मात केला नव्हता! आणि खरा संताप कशाचा येतो, तर शिव्या घालायला दुसरा माणूसच सापडत नाही.

पाटोद्याला आमचं सरकारी ऑफिस. मी तिथला जुना कारकून, घोलप. डोकं तापट. हे मीच सांगून टाकतो, बाहेरून कळण्यापेक्षा बरं.

तर आमचा प्रिंटर वटपौर्णिमेच्या सुमाराला बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीला पैसे नाहीत. टाचण्या नाहीत. डिंकाच्या बाटलीत पाणी घालून घालून त्याचं तीर्थ झालेलं. लोकांना सांगायचं काय, तर कोरे कागद घरून घेऊन या! लाज वाटायची हो सांगताना. बीडच्या एका दुकानदाराला उधारीवर दुरुस्तीला तयार केलं, तर तो रोज म्हणायचा, "आज माणूस पाठवतो." फोनवर रोज त्याच्याशी भांडायचो. माणूस काही कधी दिसला नाही.

आणि अशात आमच्या ऑफिसला काय मिळालं असेल? प्रशिक्षण!

विषय ऐका. 'नागरिकांचे म्हणणे ऐकून घेण्याचे कौशल्य.' त्यासाठी गावातलं मंगल कार्यालय भाड्यानं. माणशी एक बॅग, वही, पेन, पाण्याची बाटली आणि वर एक टोपी. जेवणात गुलाबजाम. माझं टाळकंच सरकलं. तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, ह्या बॅगांच्या पैशात प्रिंटर दुरुस्त होऊन वर कागद येतो!"

"घोलप, ते खर्चाचं हेड वेगळं."

"पैसा सरकारचाच ना?"

"सरकारचा आहे, पण प्रशिक्षणाचा आहे. प्रिंटरला लावला तर मी घरी जाईन. आणि या महिन्यात खर्च केला नाही तर पैसा परत जाईल."

म्हणजे बघा, घरात चिमूटभर पीठ नाही आणि दारात दोन डझन लाटणी! का? तर पिठाचं हेड वेगळं! कोण बसतो हो असली हेडं पाडायला? त्याला एकदा आमच्या खिडकीत बसवा म्हणावं. पब्लिकच्या शिव्यांचं हेड तेवढं आमच्याकडं कायम भरलेलं असतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी दारात शिवलिंगआप्पा उभे. बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान. कपाळाला भस्म, हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. त्यांच्या लेकीचा, संगीताचा, बीडला नर्सिंगला नंबर लागला होता. एक दाखला तेवढा राहिला होता आणि प्रवेशाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपणार होती. दाखला हातानं लिहिलेला चालत नाही, बाहेर छापलेला चालत नाही, आमच्याच मशीनमधून निघायला पाहिजे असा नियम. नियम करणाऱ्याचा प्रिंटर चालू असणार, दुसरं काय!

"घोलप," आप्पा म्हणाले, "कागद मी आणलाय. शाई बी आणू का? साहेब बी घरून आणू का? लेकरू तिकडं कॉलेजच्या दारात बसलंय."

"आप्पा, दुकानदार म्हणालाय, आज माणूस पाठवतो."

"ते म्हैनाभर ऐकतोय. त्यो माणूस कंच्या जल्मी यील?"

तेवढ्यात साहेबांची हाक आली. "घोलप, जीप घ्या आणि मांजरसुंब्याला जा. पुण्याचे व्याख्याते फाट्यावर उतरणार आहेत. चष्मा आहे, काळी बॅग आहे. सन्मानानं आणा."

गेलो. रस्ताभर एकटाच दात खात गेलो. फाट्यावर ढाब्यासमोर एक जण उभा होता. चष्मा, काळी बॅग. मी जीपमधूनच ओरडलो, "पाटोदा?"

"हो."

"आमच्याच ऑफिसला ना?"

त्यानं जीपवरचं नाव वाचलं. "हो हो, तुमच्याच."

"मग बसा!"

आता तुम्ही विचाराल, अरे शहाण्या, नाव का नाही विचारलं? अहो, बोलावलेल्या पाहुण्याला 'तुम्ही कोण' विचारायचं? आमच्याकडं ही रीत नाही! आधी फेटा बांधायचा. नाव नंतर माइकवरून कळतंच.

जीप निघाली. पाहुणे हळूच म्हणाले, "साहेब, त्यो प्रिंटर..."

"प्रिंटरचं नाव काढू नका! पुण्यापर्यंत गेली का आमची कीर्ती?"

"न्हाई, मी त्याच्यासाठीच..."

"तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं! प्रिंटर पडलाय मेल्यागत आणि आम्ही टोप्या वाटतोय! राग मानू नका, तुमचा दोष नाही. पण तो बीडचा दुकानदार आणि त्याचा तो माणूस मला एकदा भेटू द्या. मुंडकं त्या मशीनमध्ये घालून झाकण लावतो!"

पाहुणे जे गप्प झाले, ते थेट पाटोदा येईपर्यंत. मला वाटलं, व्वा, काय ऐकून घेतोय माणूस! विषयात तयारी दिसते. आता पुण्याचा माणूस 'न्हाई' म्हणतो, तरी मला शंका येऊ नये? नाही आली. रागावलेल्या माणसाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो.

मंगल कार्यालयाच्या दारातच फेटेवाला टपून बसलेला. पाहुणे "अहो, मी..." म्हणेपर्यंत कपाळ झाकलं. मग शाल आली, नारळ आला, हार आला. साहेबांनी माइकवरून भलंमोठं नाव आणि त्यामागं पदव्यांची आगगाडी वाचली. पाहुणे मागं वळून बघायला लागले, हे कोण बुवा म्हणून. सगळ्यांना वाटलं, किती विनम्र!

माइक हातात आला. घामाघूम होऊन ते कसेबसे म्हणाले, "मी काय बोलू? तुमीच बोला, मी ऐकतो."

टाळ्यांचा कडकडाट! साहेब माझ्या कानात म्हणाले, "बघा घोलप, सुरुवातच प्रात्यक्षिकानं. याला म्हणतात तज्ज्ञ."

मग काय, एकेक जण उठून बोलायला लागला. कुणाला पंखा नाही, कुणाची खुर्ची तीन पायांची. मी तर माइक हातात धरून गर्जलोच. प्रिंटरची सगळी कहाणी सांगितली, शिवलिंगआप्पांच्या संगीताचंही सांगितलं, त्या मेकॅनिकचा तर चारचौघांत उद्धार केला.

पाहुणे उठून उभे राहिले. फेटा सावरत, रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो, मीच त्यो प्रिंटरवाला हाय!"

पुन्हा टाळ्या! साहेब भारावले. "ऐकणारा माणूस समोरच्याच्या जागी स्वतःला कसा ठेवतो, बघा!"

सांगा आता, काय करावं त्या बिचाऱ्यानं?

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पुढं शिवलिंगआप्पा, मागं दुसराच एक चष्म्याचा, काळ्या बॅगेचा माणूस. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळेकुट्ट.

"घोलप," आप्पा कडाडले, "तुमच्या मेकॅनिकला काईच येत न्हाई! ऑफिसात आला, म्या धरून मशीनपुढं बसवला, तर नुसता हात घालून बसलाय. पर माणूस भला. माजं समदं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. इतकं तुमच्यातल्या कुणी ऐकलं न्हाई."

काळ्या हातांचा माणूस शांतपणे म्हणाला, "मी आजचा व्याख्याता. फाट्यावर कुणी भेटलं नाही, म्हणून सीटमागं भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं ऑफिसात आलो. यांना मी कोण ते सांगणार होतो, पण म्हटलं, आधी यांचं तर ऐकून घ्यावं."

साहेबांनी एकदा काळ्या हातांकडं पाहिलं, एकदा फेट्याकडं आणि मग बराच वेळ माझ्याकडं.

महिनाभर ज्या माणसाच्या नावानं मी बोंबलत होतो, तो आपल्या पायानं ऑफिसला निघाला होता. त्याला वाटेतून उचलून नेला कुणी? मी! शाल पांघरून, नारळ देऊन खुर्चीत डांबला कुणी? मीच! आणि तिकडं पोरगी कॉलेजच्या दारात घड्याळ बघत बसलेली.

शरमायलाही वेळ नव्हता. खऱ्या मेकॅनिकला हाताला धरलं आणि पळालो. बाजारातून आम्ही पळतोय, पुढं फेटा, मागं मी, त्याच्या मागं भस्म लावलेले आप्पा. लोकांना वाटलं, वरात फुटली. फेट्यासकट तो गडी मशीनसमोर मांडी घालून बसला. झाकण उघडलं, काहीतरी काढलं, काहीतरी बसवलं. सांगितलेला चहा यायच्या आत मशीन घुर्र करून सुरू झालं! आप्पांच्याच कागदावर दाखला निघाला. मागोमाग आलेल्या साहेबांनी उभ्या उभ्या सही ठोकली, शिक्का मारला, आप्पांना जीपमध्ये कोंबलं. जीप बीडच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर मला गुलाबजाम गेला असेल का घशाखाली? सारखा फोनकडं बघत होतो.

पाच वाजायच्या जरा आधी फोन वाजला. "झाला पोरीचा प्रवेश," आप्पा म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण आप्पा दुकानदार आहेत, हिशेब पुरा केल्याशिवाय सोडतात होय? "घोलप, त्यो माणूस सकाळीच तुमच्या जीपमदी बसलता. नाव इचारलं असतं, तर माजा जीव दिवसभर टांगणीला लागला नसता."

मी फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. टेबलावर कोरी करकरीत बॅग, वही, पेन, बाटली, टोपी.

"घोलप, ते प्रशिक्षण आपण पुन्हा ठेवलंय. व्याख्याते तेच आहेत, पुण्याहून खास येतायत. सगळ्या ऑफिसात त्याची खरोखर गरज असलेला एकच माणूस निघाला, त्यामुळं यंदा..."

माझं टाळकं पुन्हा सरकलं. "एका माणसासाठी? साहेब, त्या पैशात टोनर येतो, कागद येतो, पंखा..."

साहेबांनी बॅग उचलून माझ्या हातात दिली.

"बघा. माझं वाक्यसुद्धा संपलं नव्हतं."