कॉफीच्या घाटात शालन

शालन गेली त्या सकाळी मी कॉफी आणायला खाली गेलो होतो. हॉस्पिटलात लिफ्टच्या शेजारी मशीन आहे. निघताना ती म्हणाली, "माझ्यासाठी आणू नका. कोळशाचं पाणी ते. तुम्ही प्या, म्हणजे घरच्या कॉफीची किंमत कळेल." मी हसतच गेलो. परत आलो तर पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला आणि सिस्टर बाहेर उभी. तिला काही बोलावं लागलं नाही... हातातला कप कुणी घेतला, कुठे ठेवला, मला सांगता येणार नाही. आता दीड-दोन महिने झाले. इथल्या मराठी मंडळाची माणसं म्हणाली, काका, आमच्या पुरवणीसाठी लिहा काहीतरी. मी सातवी शिकलेला माणूस. सगळा जन्म इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊत बस चालवली, लिहायचं काम कधी पडलं नाही. पण माझ्या बायकोबद्दल बाकीचे लिहितील तर "प्रेमळ, मनमिळाऊ, अन्नपूर्णा" असलं काहीतरी लिहितील. शालन मनमिळाऊ नव्हती. तिला माणसं निवडक आवडायची आणि नावडत्या माणसांना तसं तोंडावर सांगायची तिला सवय होती. म्हटलं, मीच लिहितो.

तिची सगळ्यात आवडती बाई म्हणजे पर्ल. शालन हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली तेव्हा तिला इंग्रजी म्हणून 'येस' आणि 'सॉरी' एवढंच येत होतं. पर्ल जमैकाची. तिचं इंग्रजी इथल्या गोऱ्यांनाही कळायचं नाही. तर या दोघींना सुपरवायझरने एका टेबलावर घातलं. काम काय, तर धुतलेल्या चादरींच्या घड्या. मोठी चादर एकट्या बाईच्याने होत नाही. दोन टोकं हिने धरायची, दोन तिने, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि टोकाला टोक लावायचं. दिवसभर हेच. मी एकदा शालनला विचारलं, तुम्ही दोघी बोलता कुठल्या भाषेत? म्हणाली, "बोलायचं कशाला? समोरासमोर येतोच की." पर्ल मला कधी नावाने हाक मारायची नाही. ड्युटी संपवून शालनला घ्यायला गेलो की लांबूनच ओरडायची, "काय ड्रायव्हर, आज बस वेळेवर? तब्येत बरी आहे ना?"

त्यांच्या ब्रेकची एक रीत होती. शालन घरून थर्मासमध्ये कॉफी न्यायची, आपली नेहमीची, दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ. पर्लने पहिल्यांदा वास घेतला आणि म्हणे तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याकडे जायफळ सकाळच्या लापशीत घालतात. घराच्या खालच्या अंगाला तिचं स्वतःचं झाड. त्यानंतर पर्ल गावी गेली की येताना पुडीभर जायफळं आणायची. आमच्या घरात जायफळ दुकानातून आलेलं मला आठवत नाही. पण दर वेळी कॉफी पिऊन झाली की पर्ल म्हणायची, "मिस शाला, जायफळ चांगलं आहे, पण ही कॉफी नाही. कॉफी माझ्या आजोबांच्या डोंगरावर. एक दिवस माझ्या घरी ये, मी पाजते." शालन म्हणायची, येणार. वर्षानुवर्षं येणार, येणार. पर्ल रिटायर होऊन डोंगरावरच्या घरी राहायला गेली, तरी फोनवर तेच. ये. येणार.

मग शालनच्या हृदयाचं दुखणं निघालं. पंपिंग कमी झालंय म्हणाले. औषधांचा डबा आला, जिना बंद झाला, पलंग खालच्या खोलीत आणला. तेव्हा एका संध्याकाळी बाईसाहेब म्हणाल्या, "मला पर्लच्या घरी जायचंय. आता नाही गेले तर राहिलंच." डॉक्टर म्हणाले, औषधं वेळेवर घेऊन, दमानं जाणार असाल तर हरकत नाही. आमची साधना मात्र भडकली. ती इथेच जन्मलेली, हॅरोत राहते. "बाबा, आर यू सिरियस? आईचा हार्ट असा आहे आणि तुम्ही तिला डोंगरावर घेऊन जाणार? तिथे काही झाला तर?" शालन आतून ओरडली, "इथे झालं तर काय पेढे वाटणार आहेस? बाप आयुष्यभर बस चालवतोय, एक गाडी नाही चालवणार?" साधना माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बाळ, ती हट्टी आहे हे मला लग्नानंतर कळलं, तुला तर जन्मापासून माहीत आहे. शेवटी तिनेच तिकिटं काढून दिली.

जमैकात उतरल्यावर किंग्स्टनला एक दिवस आराम केला आणि सकाळी भाड्याची गाडी घेऊन निघालो. तिकडेही गाडी डाव्या बाजूने, आपल्यासारखी. शहर संपलं की रस्ता एकदम वर उठतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचं. बांबूची बेटं, नेच्याची झाडं, केळी, आणि मध्येच ढग रस्त्यावर येऊन बसलेला. डोंगर लांबून खरंच निळे दिसतात, जवळ गेलं की हिरवे. आणि वळणं! प्रत्येक आंधळ्या वळणावर तिथे हॉर्न द्यावाच लागतो, नाही दिला तर वरून येणारा अंगावर येतो. आता मी इथे सगळी नोकरी हॉर्नला हात न लावता केली. या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं. पण शालन साताऱ्याकडच्या घाटाखालची. पहिल्याच वळणाला ताठ बसली. "अहो, हॉर्न द्या." दिला. "जोरात द्या की, त्याला काय सुतक आहे?" मग पुढे सगळा घाट तेच. वळण दिसायच्या आधी तिचा हात माझ्या हातावर पडायचा. हॉर्न द्या. तिकडून पलीकडच्या गाडीचं उत्तर आलं की खूश. म्हणाली, "या मेल्या जन्मात पहिल्यांदा नीट रस्ता भेटला बघा." घरी पलंगापासून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा थांबणारी बाई, तिथे खिडकीची काच खाली करून दरीत डोकावत होती. कॉफीची झाडं कड्याच्या इतक्या उतारावर की ती म्हणाली, "इथे तोडणारी बाई कमरेला दोर बांधत असेल." मध्येच जुन्या मळ्यांचे पडके दगडी बांध, पाण्याचे पाट, गवतात बुडालेले. गोऱ्या मालकांच्या काळातले, गुलामांनी बांधलेले. पर्लने सांगितलं होतं, रस्त्यात पडकं दिसेल ते सगळं आमच्या माणसांनी उचललेला दगड आहे.

आणि पर्लचं घर अगदी डोक्यावर दिसायला लागलं तिथेच रस्ता संपला. आदल्या रात्री पावसाने दरड कोसळली होती. लाल माती, मुळासकट झाडं, धोंडे. गाडी जाणं शक्य नाही. धडधाकट माणूस मातीवरून चढून गेला असता. शालनला ते शक्य नव्हतं आणि तिला ते माहीत होतं. वर हिरव्या पत्र्याचं घर, दारात कुणीतरी उभं. मी गाडी बंद केली. इतकी वर्षं 'येणार' म्हणून सांगितलेलं घर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर... मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने हात माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाली, "हॉर्न द्या."

मी दिला. वरून पर्लची आरोळी आली. आणि मग बघतो तर पर्ल स्वतः खाली येतेय. ऐंशीला टेकलेली बाई, एका हातात काठी, दुसरा हात तिच्या पुतण्याच्या खांद्यावर, आणि पुतण्याच्या हातांत किटली, स्टोव्ह, कपांची पिशवी. दरडीवरून घसरत, थांबत, आम्हाला शिव्या देत ती उतरली. "ड्रायव्हर! तीस वर्षं लावलीस आणि तरी स्टॉपच्या आधी उतरवलंस?" शालन गाडीतून उतरली. दोघी धरून उभ्या राहिल्या. रडल्या असतील, मी गाडीमागे दगड लावायच्या निमित्ताने पाठ केली होती.

रस्त्याच्या कडेलाच दगडी फरसबंद मोठं अंगण होतं. त्यावर कॉफीच्या बिया वाळत घातलेल्या, मध्ये लाकडी दाताळं पडलेलं. जुन्या मळ्याचं अंगण, आता पर्लचा पुतण्या वापरतो. शालन बघून म्हणाली, "अहो, हे तर खळं!" आणि कडेला चपला काढून अनवाणी वर गेली. पर्लने विचारलं, चपला का काढल्या, दगड थंड आहेत. शालनला इंग्रजीत सांगता येईना, तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आमच्याकडे खळ्यावर धान्य येतं तिथे पायताण घालून जात नाहीत. पाप लागतं. पर्लने खाली दगडांकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या पणजीच्या पणजीला इथे पायात घालायला काही नव्हतंच. बूट होते ते मालकाच्या पायात. मुद्दाम काढून आलेली तू पहिली." आणि पुतण्याच्या खांद्याला धरून तिनेही आपले बूट काढले. पुतण्याने काढले. मग मी काय उभा राहणार? मीही काढले.

तिथेच कडेच्या धक्क्यावर बसून पर्लने कॉफी केली. काळी. बिनदुधाची, बिनसाखरेची. शालनने एक घोट घेतला, मान हलवली, चांगली आहे म्हणाली, आणि पर्समधून जायफळ आणि छोटी किसणी काढली! पर्लने कपाळाला हात लावला. "आजोबा थडग्यात उठून बसतील!" शालन म्हणाली, "बसू दे. त्यांनाही दे घोटभर." मी त्या दोघींना इतकं हसताना लाँड्रीतही बघितलं नव्हतं.

मग ढग खाली आला आणि टपोरे थेंब पडायला लागले. पुतण्या ताडपत्री आणायला धावला. तर शालन उठली. "अहो, माल भिजेल!" मी ओरडतोय बस, बस, ऐकते कुठली. ताडपत्रीची दोन टोकं तिने धरली, समोरची दोन पर्लने. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. ताणली, झटकली, चालत पुढे आल्या, सगळी कॉफी झाकली. हात विसरले नव्हते. त्यानंतर मात्र तिला दम लागला, ओठ निळे पडले. पुतण्याने तिला लहान पोरासारखी उचलून गाडीत ठेवली. गोळी दिली, मी काचा लावल्या, पर्ल काचेवर हात ठेवून उभी. थोड्या वेळाने श्वास जागेवर आला. डोळे उघडून म्हणाली, "भिजली नाही ना?" ... मी म्हटलं, नाही भिजली.

अर्धा घाट उतरल्यावर तिला आठवलं. "अगं बाई, माझ्या चपला!" मी विचारलं, वळवू? म्हणाली, "नको. राहू दे. पुढच्या वेळी घेईन." पुढची वेळ नाही हे मलाही ठाऊक होतं, तिलाही. पण तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी आधी एकदाच बघितलं होतं, साधना झाली तेव्हा. हॉटेलात ती बाई अनवाणी शिरली, मान वर करून. मग दोन हिवाळे काढले तिने. पर्लचा फोन आला की आधी चपलांची चौकशी. "आहेत का? नीट ठेव. मी येणार आहे."

ती गेल्यावर साधनाने घर आवरलं. साड्या, कोट, बूट सगळं पिशव्यांत भरून चॅरिटी शॉपला. तिचं बरोबर आहे, ठेवून काय करायचं? जायफळाचा डबा मात्र मी तिच्या हातातून काढून घेतला. पण दाराशी रॅकवर माझे एकट्याचे बूट राहिले ते बघवेना. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की आधी दारातल्या चपला बघतात, कोण घरात आहे ते कळतं. आमच्या दारात आता एकच माणूस.

गेल्या आठवड्यात पर्लला फोन केला. ती आधी रडली, मग माझ्यावर ओरडली, जेवतोस का म्हणून. रस्ता दुरुस्त झालाय म्हणाली. मी विचारलं, त्या चपला? साधना म्हणत होती, मागवून घ्या, आठवण म्हणून. पर्ल म्हणाली, "त्याच दिवशी पुतण्याने वर आणल्या. व्हरांड्यात दाराशी आहेत. लोक येतात, विचारतात कुणाच्या. मी सांगते, मिस शालाच्या."

शालन त्या घरी पोचली नाही म्हणून मला इतके दिवस मनात कुठेतरी टोचत होतं. फोन ठेवला आणि ते गेलं. दारात चपला आहेत म्हणजे बाई आत आहे. बसली असेल जायफळ किसत, आजोबांच्या कॉफीची वाट लावत. मी साधनाला सांगितलं, मागवायच्या नाहीत. मग दूध तापत ठेवलं. जायफळ जरा जास्तच पडलं, पण प्यालो. मशीनपेक्षा बरी होती.

डॉक्टर म्हणतात तुमची तब्येत ठणठणीत आहे. बघू, थंडी सरली की एकदा वर पर्लकडे जाऊन येईन. हॉर्न देत देत.