सरांनी शिकवलेली एकच धून

पितळ घासायच्या पॉलिशचा वास आला की अंधेरीच्या गावठाणातली ती खोली आठवते. ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मुलींवर छाप पाडायला म्हणून मी तिथे सॅक्सोफोन शिकायला जायचो. सर म्हातारे, एकटे, उभा जन्म बँडमध्ये वाजवलेले. सहा महिने त्यांनी मला एकच संथ, गोड धून घोटायला लावली. मी तिला प्रेमाची समजलो आणि मित्राच्या बहिणीच्या हळदीत डोळे मिटून, मान डोलवत वाजवली. डोळे उघडले तर मांडव गप्प, आणि शेजारची किरिस्ताव मावशी छातीवर क्रॉस करत उभी. ‘अरे मेल्या, ही आमच्यात मयतामागे बँडवाले वाजवतात!’ दुसऱ्या दिवशी मी सरांवर तणतणलो, ‘माझी वाट लागली ना, सर! हीच का शिकवलीत?’ ते सॅक्सोफोन पुसत राहिले. ‘सगळ्यांच्या मयताला मी वाजवली रे. माझ्या मयताला कोण वाजवणार?’ मी असा टरकलो की क्लासच सोडला. दिवाळीनंतर सर गेल्याचं कळलं, तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. धून कुणीच वाजवली नव्हती. हल्ली आंघोळ करताना तीच तोंडी येते. बायको बाहेरून विचारते, ‘किती गोड आहे रे, कुणासाठी?’ आणि मी नळ मोठा सोडतो.