पत्रिकेत नसलेलं नाव

व्हायोलिनच्या बाईंनी संगीतशाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. त्यांचाच सगळ्यात हुशार शिष्य पुढे तिथला प्राचार्य झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं बाईंचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत हलवला. तिथे भिंतीपलीकडे पाण्याचा पंप घरघरायचा. बाईंनी तेही गिळलं.

मग त्याच्या मैफलीची पत्रिका छापून आली. गुरू म्हणून एका बड्या उस्तादांचं नाव होतं. त्यांच्याकडे तो जेमतेम तीन महिने गेला होता. बाई तडक त्याच्या खोलीत शिरल्या.

"माझं नाव कुठाय?"

"बाई, सुरुवात कुणीही करून देतं. ते काय छापायचं?"

"तुझा अंगठा लाकडासारखा आखडायचा. दोन वर्षं रोज धरून सैल केला मी!"

"आता जुनी मढी उकरू नका. जा, मुलं खोळंबलीत."

बाईंनी त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं, पत्रिकेच्या पाठीवर चार ओळींत राजीनामा खरडला आणि त्याच्यापुढे आपटला. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली नऊ मुलं त्यांच्या घरी शिकायला येऊ लागली.

आजही तो बाजारात समोरून आला, तर बाई तसूभरही बाजूला होत नाहीत. त्यालाच रस्ता ओलांडावा लागतो.